लाभांश की ऑप्शनचा प्रीमियम? नियमित उत्पन्नाच्या दोन वाटा

मुदत ठेवीच्या व्याजावर महिन्याचा खर्च भागवायचा, ही गोव्यातील निवृत्त मध्यमवर्गाची जुनी घडी गेल्या काही वर्षांत दोन बाजूंनी विस्कटली. २०२० मध्ये म्हापसा अर्बन आणि २०२१ मध्ये मडगाव अर्बन या सहकारी बँकांचे परवाने रिझर्व्ह बँकेने रद्द केले. पाच लाखांपलीकडच्या ठेवीला विम्याचे संरक्षण नसते, हे अनेक ठेवीदारांना तेव्हा प्रथमच जाणवले. पुढे २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहा टक्क्यांवरून सव्वापाच टक्क्यांवर आणला आणि ठेवींवरचे व्याजही त्यामागोमाग उतरले. साहजिकच, ज्यांनी आयुष्यभर शेअर बाजाराकडे पाठ फिरवली होती, तेही आता मोबाइलवर डीमॅट खाते उघडून ‘दरमहा काही मिळेल का’ असा प्रश्न विचारू लागले आहेत.

या प्रश्नाला बाजारातून दोन उत्तरे येतात. पहिले जुने आहे: चांगला लाभांश देणाऱ्या कंपन्यांचे समभाग घ्यावेत आणि सांभाळावेत. दुसरे उत्तर शिकवणी वर्गांतून आणि समाजमाध्यमांवरून अधिक जोरात ऐकू येते. ते म्हणते, ऑप्शन विकावेत आणि दर आठवड्याला प्रीमियम खिशात घालावा. या दुसऱ्या वाटेचे वर्णन बहुधा ‘भाडे’ या शब्दाने केले जाते. घर भाड्याने द्यावे तसे भांडवल भाड्याने द्यावे, असे सांगितले जाते. भाडे हा शब्द घरमालकाला आश्वस्त करणारा आहे, म्हणूनच तो येथे वापरला जातो. प्रत्यक्षात लाभांश आणि प्रीमियम यांची जातकुळीच वेगळी आहे, आणि ती समजून न घेता केवळ टक्केवारीची तुलना केली तर उत्तर हमखास चुकते.

लाभांश म्हणजे कंपनीने कमावलेल्या नफ्यातील भागधारकाचा वाटा. संचालक मंडळ तो सुचवते, अंतिम लाभांशाला वार्षिक सर्वसाधारण सभा मान्यता देते आणि ठरलेल्या तारखेला ज्याच्या नावावर समभाग असतील त्याच्या बँक खात्यात रक्कम जमा होते. समभाग विकावा लागत नाही. कोणतेही बंधन अंगावर येत नाही. मात्र हे पैसे आकाशातून पडत नाहीत. ज्या दिवसापासून समभाग लाभांशाविना विकला जाऊ लागतो, त्या दिवशी त्याचा भाव साधारणपणे लाभांशाइतका उतरतो. कंपनीच्या तिजोरीतली रक्कम भागधारकाच्या खात्यात गेली, एवढेच त्या क्षणी घडलेले असते. लाभांशाचे खरे मोल त्यानंतरच्या वर्षांत कळते: धंदा पुन्हा कमावतो, पुन्हा वाटतो, आणि कमाई वाढली तर वाटाही वाढतो.

आयटीसीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. २०२० ते २०२१ या काळात या समभागाचा भाव दोनशे रुपयांच्या आसपास रेंगाळत होता आणि समाजमाध्यमांवर त्याची यथेच्छ थट्टा होत होती. त्याच काळात, २०१९-२० या वर्षासाठी कंपनीने प्रतिसमभाग १०.१५ रुपये लाभांश दिला. २०२३-२४ साठी तो १३.७५ रुपये झाला. दोनशे रुपयांना समभाग घेऊन गप्प बसलेल्या माणसाला मूळ रकमेवर आधी पाच टक्के आणि पुढे जवळपास सात टक्के लाभांश मिळत गेला. भाव वाढला तो वेगळाच. अर्थात सगळ्या कंपन्या अशा नसतात. निफ्टीतील पन्नास कंपन्यांचा एकत्रित विचार केला तर अलीकडच्या वर्षांत लाभांशाचा परतावा सव्वा-दीड टक्क्याच्या आसपासच राहिला आहे. म्हणजे निव्वळ निर्देशांक घेऊन बसणाऱ्याला बचत खात्याहूनही कमीच मिळते. निवडून घेतलेल्या, जुन्या, रोख कमावणाऱ्या कंपन्यांतून तीन-चार टक्के मिळू शकतात, पण त्यापुढे जाण्याचा मोह धरला की दुसरा धोका सुरू होतो.

तो धोका गोव्याच्या परिचयाचा आहे. येथील कितीतरी घरांत ‘सेझा गोवा’चे समभाग एकेकाळी वडिलोपार्जित मालमत्तेसारखे जपले गेले. लोहखनिजाच्या तेजीत ही कंपनी भरभरून कमावत होती. २००७ मध्ये मित्सुईकडील ५१ टक्के हिस्सा वेदांत समूहाने घेतला. २०१२ मध्ये राज्यातील खाणी थांबल्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाल्यावर त्या पुन्हा थांबल्या. दरम्यान कंपनी मोठ्या विलीनीकरणातून जाऊन वेदांत लिमिटेड झाली. याच वेदांतने २०२२-२३ या एका वर्षात प्रतिसमभाग १०१.५० रुपये लाभांश वाटला. मार्च २०२३ मध्ये समभागाचा भाव तीनशे रुपयांच्याही खाली होता. म्हणजे कागदावर परतावा तेहतीस टक्क्यांहून अधिक! हा आकडा पाहून जे धावले, त्यांना पुढच्याच वर्षी २९.५० रुपये मिळाले. एवढा लाभांश का दिला गेला, याचे उत्तर कंपनीच्या धंद्यापेक्षा कर्जबाजारी प्रवर्तक कंपनीच्या रोखीच्या गरजेत अधिक होते. परताव्याचा आकडा फार मोठा दिसला की बहुतेक वेळा त्यामागे एकतर न टिकणारा लाभांश असतो, नाहीतर कोसळलेला भाव.

लाभांशाला हमी नसते, हे २०२० ने आणखी एका प्रकारे दाखवले. करोनाच्या पहिल्या लाटेत रिझर्व्ह बँकेने २०१९-२० च्या नफ्यातून आणखी लाभांश वाटू नये, असे बँकांना बजावले. बँकांच्या समभागांवर विसंबलेल्या घरांचे एक वर्ष कोरडे गेले. पण ते कोरडेच गेले. भागधारकाला स्वतःच्या खिशातून कोणाला काही द्यावे लागले नाही. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण दुसऱ्या वाटेवर नेमके उलट घडू शकते.

ऑप्शन म्हणजे काय, हे काजूच्या व्यवहारातून सहज कळते. समजा, हंगाम संपेपर्यंत बीचा दर पडेल अशी एका बागायतदाराला भीती आहे. एक व्यापारी त्याला सांगतो, ‘मे अखेर बाजारात दर काहीही असो, किलोमागे १२० रुपयांनी माल मी घेईन, या हमीचे किलोमागे तीन रुपये आताच द्या.’ दर १३० राहिला तर बागायतदार माल बाहेर विकतो आणि व्यापाऱ्याचे तीन रुपये सुटतात. दर ७० वर आला तर व्यापाऱ्याला १२० मोजावेच लागतात. बागायतदाराने घेतलेला हा हक्क म्हणजे ‘पुट’. उलट दिशेने, ठरलेल्या दराने माल विकत घेण्याचा हक्क म्हणजे ‘कॉल’. हक्क घेणाऱ्याचे नुकसान तीन रुपयांवर थांबते. हक्क विकणाऱ्याचा नफा तीन रुपयांवर थांबतो.

तेव्हा प्रीमियम हे भाडे नव्हे. तो विम्याचा हप्ता आहे, आणि ऑप्शन विकणारा हा विमा कंपनीच्या जागी बसलेला असतो. विमा हा वाईट धंदा नाही. लोक भीतीपोटी विम्यासाठी थोडे जास्तच मोजतात, आणि जगभरच्या ऑप्शन बाजारांत दीर्घकाळ असे दिसले आहे की प्रीमियममध्ये गृहीत धरलेली चढउतार प्रत्यक्षातल्या चढउतारीपेक्षा सरासरीने थोडी अधिक असते. विक्रेत्याची कमाई या फरकातून येते. ती काल्पनिक नाही. परंतु विमा कंपनी हजारो घरांचा विमा उतरवते आणि त्या सगळ्या घरांना एकाच रात्री आग लागत नाही. निफ्टीचे आठ पुट विकणाऱ्याची आठही घरे एकाच भिंतीला टेकलेली असतात.

आता आकडे मांडून पाहू. समजा, एका निवृत्त गृहस्थांकडे १५ लाख रुपये आहेत. तीन टक्के लाभांश देणारे समभाग घेतले तर वर्षाला ४५ हजार, म्हणजे महिन्याला पावणेचार हजार रुपये येतील. याउलट, निफ्टी २५,००० वर आहे, एका लॉटमध्ये ६५ एकक आहेत आणि लॉटमागे सुमारे पावणेदोन लाख मार्जिन लागते असे धरू. १५ लाखांत आठ लॉट सहज बसतात. बाजारापासून तीन टक्के खाली, म्हणजे २४,२५० चा साप्ताहिक पुट १८ रुपयांना विकला, तर आठ लॉटवर आठवड्याला ९,३६० रुपये मिळतात. महिन्याचे झाले सुमारे ४० हजार. पावणेचार हजार कुठे आणि चाळीस हजार कुठे! शिवाय एका आठवड्यात निफ्टी तीन टक्क्यांहून अधिक पडणे ही काही नित्याची गोष्ट नव्हे. दहा, वीस, कधी तीस आठवडे सलग पैसे येत राहतात. या सलगपणामुळेच माणूस गाफील होतो.

त्या आठ लॉटच्या करारांचे एकूण मूल्य १ कोटी ३० लाख रुपये आहे, ही गोष्ट मोबाइलच्या पडद्यावर ठळक दिसत नाही. १५ लाखांच्या जोरावर सव्वा कोटींहून मोठा विमा उतरवलेला असतो. ४ जून २०२४ रोजी लोकसभेचे निकाल लागले आणि निफ्टी एका दिवसात ५.९ टक्के घसरला. वरच्या उदाहरणात तेवढी घसरण होऊन बाजार मुदतीला तेथेच थांबला, तर निर्देशांक २३,५२५ वर येतो. एककामागे ७२५ रुपये द्यावे लागतात आणि मिळालेला प्रीमियम वजा जाता तोटा होतो ३ लाख ६७ हजार. म्हणजे सुमारे ३९ आठवड्यांची कमाई एका दिवसात परत गेली. २३ मार्च २०२० सारखा दिवस उगवला, जेव्हा निफ्टी १३ टक्क्यांनी कोसळला होता, तर तोटा १३ लाखांच्या घरात जातो. भांडवल होते १५ लाख.

‘स्टॉपलॉस लावला होता’ हे उत्तर येथे पुरेसे नाही. २३ मार्च २०२० रोजी बाजार उघडल्यावर पहिल्याच तासात दहा टक्क्यांची मर्यादा गाठली गेली आणि व्यवहार ४५ मिनिटे थांबवले गेले. दारच बंद असताना बाहेर पडण्याची सूचना देऊन उपयोग नसतो. रात्रीत काही घडून बाजार खाली उघडला तरी हीच गत होते. स्टॉपलॉस ठरवलेल्या भावाला नव्हे, तर मिळेल त्या भावाला पूर्ण होतो.

४ जूनच्या आठवड्याकडे आणखी बारकाईने पाहिले तर दोन्ही वाटांमधील मूळ भेद उघड होतो. मंगळवारी कोसळलेला निफ्टी बुधवारी तीन टक्क्यांहून अधिक उसळला आणि शुक्रवारी, ७ जून रोजी, निकालाच्या आदल्या दिवशीच्या पातळीवर परतलाही. समभाग धरून बसलेल्याने त्या आठवड्यात वर्तमानपत्र उघडले नसते तरी चालले असते. ऑप्शन विकणाऱ्याला ही मुभा नव्हती. बाजार पडताच प्रीमियम फुगतात, मार्जिनची गरज वाढते आणि खात्यात पैसे कमी पडले की ब्रोकर सौदा बंद करतो. त्याचा बाजाराविषयीचा अंदाज शुक्रवारी खरा ठरला, पण तो मंगळवारीच बाहेर फेकला गेलेला होता. २०२० मध्येही जानेवारीच्या उच्चांकापासून मार्चपर्यंत निफ्टी सुमारे ३८ टक्के उतरला. लाभांशासाठी समभाग घेणाऱ्याच्या संपत्तीलाही ही कात्री लागलीच. मात्र नोव्हेंबरपर्यंत निर्देशांक पुन्हा जुन्या शिखरावर पोहोचला. समभागाला मुदत नसते, म्हणून त्याच्या धन्याला थांबता येते. ऑप्शनवर तारीख लिहिलेली असते.

परदेशातील एक प्रकरण या विषयात वारंवार सांगितले जाते आणि ते सांगण्याजोगे आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात जेम्स कॉर्डियर हे ऑप्शन विक्रीचे नावाजलेले जाणकार होते. या विषयावर त्यांचे पुस्तकही होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये नैसर्गिक वायूचे भाव अचानक उसळले आणि त्यांनी ग्राहकांच्या वतीने विकलेले कॉल अंगावर आले. ग्राहकांचे केवळ भांडवलच गेले नाही. अनेकांच्या खात्यांत ब्रोकरची देणी उरली. कॉर्डियर यांनी चित्रफितीतून ग्राहकांची क्षमा मागितली. विषयाचा अभ्यास कमी पडला, असे त्यांच्याबाबतीत म्हणता येणार नाही.

भारतातील सर्वसामान्यांचा अनुभव सेबीने मोजलेला आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, सरासरी माणशी सुमारे दोन लाखांचा. एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या पुढे गेला. यात ऑप्शन विकत घेणारेही आले, आणि स्वस्तातले ऑप्शन घेऊन पैसे घालवणारे त्यांत पुष्कळ आहेत, हे मान्य करायला हवे. म्हणून ‘घेणारे हरतात, तेव्हा विकणारे जिंकत असणार’ असा निष्कर्ष शिकवणी वर्ग काढतात. त्याच अहवालात जिंकणारेही दिसतात: २०२३-२४ मध्ये परदेशी गुंतवणूकदार संस्था आणि स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या दलाली पेढ्या यांनी मिळून साठ हजार कोटींहून अधिक ढोबळ नफा मिळवला, आणि त्यातील जवळपास सगळा नफा संगणकीय प्रणालींनी केलेल्या व्यवहारांतून आला. फोंड्यात किंवा बेळगावात मोबाइलवर पुट विकणारा गृहस्थ स्वतःला या पेढ्यांच्या रांगेत समजत असेल, तर त्याने आपल्या हाती काय साधने आहेत हे एकदा तपासावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सेबीने कराराचे किमान मूल्य १५ लाखांवर नेले, प्रत्येक शेअर बाजाराला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक मुदत ठेवली आणि मुदतीच्या दिवशी विकलेल्या ऑप्शनवर दोन टक्के जादा मार्जिन लावले. छोट्या माणसाला या खेळापासून थोडे दूर ठेवणे, हा त्यामागील उघड हेतू होता.

ऑप्शन विक्रीचे सगळेच प्रकार सारखे धोकादायक नाहीत. विकलेल्या पुटच्या खाली आणखी एक पुट विकत घेतला तर तोट्याला तळ मिळतो. वरच्या उदाहरणात २३,७५० चा पुट ८ रुपयांना घेतला तर आठवड्याचे उत्पन्न ५,२०० वर येते, पण मोठ्यात मोठा तोटा अडीच लाखांच्या आसपास थांबतो. गंमत अशी की यामुळे मार्जिनही कमी लागते, आणि बहुतेक जण वाचलेल्या मार्जिनवर लॉट वाढवून धोका पुन्हा होता तेथे नेऊन ठेवतात.

हाती असलेल्या समभागांवर कॉल विकणे हा त्याहून सौम्य प्रकार आहे. भाव फार वाढला तर समभाग ठरलेल्या किमतीला द्यावे लागतात. ऑक्टोबर २०१९ पासून आपल्याकडे समभागांच्या ऑप्शनची पूर्तता प्रत्यक्ष समभाग देऊन-घेऊनच होते. येथे दिवाळे निघत नाही, पण तेजीतील मोठी झेप दुसऱ्याच्या पदरात पडते, आणि घसरण मात्र जवळजवळ पूर्ण स्वतःला सोसावी लागते. शिवाय एका लॉटइतके समभाग असावे लागतात, म्हणजे एकाच कंपनीत काही लाख रुपये. पंधरा लाखांच्या गुंतवणुकीत हे समतोलाला धरून होत नाही.

सर्वांत अधिक सावधगिरी हवी ती दोन्ही वाटा एकत्र बांधणाऱ्या तिसऱ्या सल्ल्याबाबत. लाभांशाचे समभाग ब्रोकरकडे तारण ठेवायचे, त्यांवर मार्जिन मिळवायचे आणि त्या मार्जिनवर पुट विकायचे. लाभांशही चालू, प्रीमियमही चालू. तारण ठेवलेल्या समभागांवरचा लाभांश मालकालाच मिळतो, हे खरे. पण बाजार कोसळतो त्या दिवशी विकलेल्या पुटवर तोटा होतो, तारणाची किंमतही त्याच वेळी उतरते आणि मार्जिनची मागणी त्याच वेळी वाढते. रोख पैसे भरता आले नाहीत तर तारणातले समभाग विकले जातात, तेही वर्षातल्या सर्वांत वाईट भावाला. वीस वर्षे जपलेली, वाट पाहण्याची ताकद असलेली मालमत्ता अशा रीतीने एका तारखेला बांधली जाते.

कराच्या बाजूने पाहता, एप्रिल २०२० पासून लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात धरला जातो आणि त्याच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. एका कंपनीकडून वर्षात दहा हजारांहून अधिक लाभांश असेल तर दहा टक्के टीडीएस कापला जातो. नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर २०२५-२६ पासून सूट असल्याने अनेक निवृत्तांना विवरणपत्र भरून तो परत मिळवता येतो. ऑप्शनमधील कमाई मात्र धंद्याचे उत्पन्न ठरते. त्यासाठी आयटीआर-३ भरावा लागतो, हिशेब ठेवावे लागतात आणि बहुधा सनदी लेखापालाची फी द्यावी लागते. तोटा आठ वर्षे पुढे ओढता येतो, पण तो पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. आणि नोकरीतले निवृत्तिवेतन करकायद्याच्या दृष्टीने पगारच असते.

गोव्यातील दाम्पत्यांसाठी याला आणखी एक पदर आहे. पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नीची मालमत्ता सामाईक असते. म्हणून आयकर कायद्यातील कलम ५अ प्रमाणे पगार वगळता इतर उत्पन्न दोघांमध्ये निम्मे-निम्मे विभागून दाखवावे लागत आले आहे. लाभांशाच्या बाबतीत हे सोयीचे ठरते, कारण वाटणीमुळे दोघांचाही टप्पा खाली राहतो. ऑप्शनचा नफाही तसाच विभागला जातो, आणि जिने ते अॅप कधी उघडलेलेही नाही त्या पत्नीच्या विवरणपत्रात धंद्याचे उत्पन्न येऊन बसते. तोटा झाला तर तोही दोघांच्या सामाईक मालमत्तेतूनच जातो. तेव्हा पहिला पुट विकण्यापूर्वी १५ लाखांतले किती जाऊ शकतात, हा हिशेब गृहस्थांनी घरात बसून, दोघांसमक्ष, कागदावर मांडावा.